मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरचे पाणी : किती, केव्हा आणि कशाबरोबर

दिवसाला पाणी किती पिता, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी बेधडक ‘दहा ग्लास तरी’ असे उत्तर दिले होते. ते खोटे नव्हते. मात्र आमच्या घरी ज्याला ग्लास म्हणतात ते प्रत्यक्षात पितळेचे फुलपात्र आहे, आणि ऑपरेशननंतर पडून पडून कंटाळलो असताना मी ते एक लिटरच्या बाटलीने मोजून पाहिले, तेव्हा एका बाटलीत अशी सात फुलपात्रे भरली. म्हणजे माझे दहा ग्लास काठोकाठ धरले तरी जेमतेम दीड लिटर होत होते, आणि लातूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, त्यातले बरेचसे घामावाटेच निघून जात होते. डॉक्टरांच्या मनातला ग्लास पाव लिटरचा होता. आमच्या दोघांच्या ग्लासांतला हा फरक ऑपरेशनच्या आधीच लक्षात आला असता तर पुढचा एक दिवस तरी सोपा गेला असता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि गेली चौदा वर्षे लातूरहून औसा तालुक्यातल्या एका गावी अपडाऊन करतो. अपडाऊन करणाऱ्या माणसाला पाणी कमी पिण्याची सवय नकळत लागते, कारण एसटी मध्येच थांबवता येत नाही आणि गावात उतरल्यावर स्वच्छतागृहाची सोय असेलच याचा भरवसा नसतो. त्यात आम्ही लातूरकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्यासाठी पाणी आले, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ज्याने घागरी मोजून पाणी वापरले त्याचा हात तांब्या भरतानाही अजून आखडतो. मूळव्याध केवळ पाणी कमी प्यायल्याने होते असे मी म्हणणार नाही. घराण्यात ती आहे, शौचाला खडा होऊन कुंथण्याची सवय आहे, तिखट ठेचा सोडवत नाही आणि भाजी ताटात नावापुरती असते, अशी अनेक कारणे माझ्याकडे जमा होती. पण मोड बाहेर येऊन हाताने आत सारावे लागण्यापर्यंत, म्हणजे तिसऱ्या ग्रेडपर्यंत, मजल गेली तेव्हा सुट्टी लागताच ऑपरेशन उरकण्याचे ठरवले.

लेसर, स्टेपलर अशा पद्धतींची माहिती डॉक्टरांनी दिली होती, पण माझ्या बाबतीत त्यांनी जुनी, उघडी पद्धत निवडली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन या सर्जनांनी ती १९३७ साली मांडली. तिच्यात मोड मुळाशी बांधून कापतात आणि वरची जखम न शिवता तशीच ठेवतात, ती चार ते सहा आठवड्यांत आतून भरून येते. हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण माझी आई. घरी आल्यावर मी पाणी प्यायला लागलो की ती म्हणे, ‘एवढं पाणी पिऊ नकोस बाबा, टाके वले होतेत की.’ प्यायलेले पाणी टाक्यांपर्यंत जाऊन पोहोचते हा तिचा पक्का समज होता, आणि तिथे वरून घातलेले टाकेच नाहीत हे पटवून द्यायला मला दोन दिवस लागले.

गंमत अशी की पहिला धडा कमी पाणी घेण्याचा होता. रात्री बारानंतर काही खायचे-प्यायचे नाही असे सांगितले होते आणि ऑपरेशन सकाळी अकराला झाले, त्यामुळे दुपारी खाटेवर आणले तेव्हा घशाला कोरड पडली होती. सलाईनची बाटली संपत आली होती. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद, ही समजूत मास्तर असूनही माझ्यात मुरलेली आहे. मी सिस्टरांना आणखी एक बाटली लावण्याची विनंती केली. डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनी ती साफ नाकारली आणि कारण समजावून सांगितले. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली की पायांबरोबर मूत्राशयही काही तास बधिर होते. ते भरत राहते, पण भरल्याची जाणीव होत नाही. शिवाय ऑपरेशनच्या जागेच्या वेदनेने आसपासचे स्नायू आवळून धरलेले असतात, त्यामुळे जाणीव परत आली तरी लघवी सुटत नाही. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर लघवी अडकणे ही नेहमी दिसणारी अडचण आहे, आणि या काळात शिरेतून जितके जास्त पाणी चढवावे तितकी ती वाढते. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणले गेले तर नळी घालून ते रिकामे करावे लागते. म्हणून पहिली लघवी होईपर्यंत घोट-घोट पाणी, आणि सहा ते आठ तासांत झाली नाही तर लगेच सांगायचे, असा नियम होता.

संध्याकाळचे सहा वाजले तरी मला काही होईना. ओटीपोट जड झाले होते. शेवटी दोघांनी धरून मला न्हाणीघरात उभे केले आणि सिस्टरांनी कोपऱ्यातला नळ सोडला, बादलीत नव्हे तर सरळ फरशीवर, म्हणजे आवाज व्हावा. ज्या शहरात नळ गळताना दिसला तर रस्त्यावरचा अनोळखी माणूसही आत येऊन तो बंद करतो, त्या शहरात मी भिंतीला हात टेकून पाच-सहा मिनिटे वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहत उभा होतो. वाया चाललेल्या त्या पाण्याची रुखरुख लघवीच्या काळजीपेक्षा कमी नव्हती. पण उपाय लागू पडला आणि नळी टळली. त्यानंतर मात्र डॉक्टरांचा सूर एकदम बदलला : आता प्या, आणि पितच राहा.

इथे मी चुकलो. चूक अज्ञानापेक्षा भीतीची होती. पहिल्या शौचाच्या वेदनेविषयी इतके काही ऐकले होते की खाल्ले-प्यायले नाही तर जावेच लागणार नाही, असा हिशेब मी मनाशी मांडला. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर दोन चमचे मऊ खिचडी, दोन कप चहा आणि गोळ्यांपुरते पाणी, एवढ्यावर दिवस काढला. रात्री इसबगोल घ्यायचे होते. ते मी एका फुलपात्रात कालवले, वर पंखा लावून पेपर वाचत बसलो आणि पाच मिनिटांनी पाहतो तर त्याची खळ झालेली. ती चमच्याने खाल्ली. घशात गोळा अडकल्यासारखा झाला, तरी वर पाणी प्यायलो नाही, कारण भीती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जे झाले त्याचे वर्णन करणार नाही. ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतले आहे त्यांना ते सांगावे लागत नाही आणि ज्यांचे व्हायचे आहे त्यांना घाबरवण्यात अर्थ नाही. पाऊण तासाने मी बाहेर आलो तेव्हा पत्नीने भिंतीला टेकवून ठेवलेला प्लास्टिकचा टब कोमट पाण्याने भरून ठेवला होता. त्यात बसल्यावर हळूहळू आवळलेले सुटले. त्याच दुपारी फोनवर डॉक्टरांनी माझा दिवसभराचा हिशेब विचारला, आणि फुलपात्राचे माप तेव्हाच बाहेर पडले.

शरीरातल्या पाण्याचा व्यवहार त्यांनी नंतरच्या भेटीत समजावला तो मला फार उपयोगी पडला. आपण दिवसभरात दोनेक लिटर द्रव पितो-खातो, पण लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून लहान आतड्यात रोज सुमारे आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. मोठ्या आतड्यात दीड ते दोन लिटर पोहोचतो आणि तिथूनही शरीर पाणी काढून घेत राहते. शेवटी शौचावाटे शंभर-दोनशे मिलिलिटरच बाहेर जाते. शरीरात पाण्याचा तुटवडा असेल तर मोठे आतडे शेवटचा थेंबही सोडत नाही. मी खाल्ले नाही म्हणून आतड्याचे काम थांबले नव्हते. आधीचे जे होते ते तिथे पडून राहिले, सुकत गेले आणि त्याचा खडा झाला. वेदनाशामक गोळ्यांपैकी ट्रामाडोलसारखी औषधे आतड्याची हालचाल मंदावतात, त्यामुळे ते अधिकच तुंबले.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की नुसते पाणी ढोसूनही शौच मऊ होत नाही. जास्तीचे पाणी रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे टाकून देतात. आतड्यात पाणी धरून ठेवणारे काही तरी लागते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे लगेच कळावे : मुरमाड रानावर कितीही पाणी सोडा, दुसऱ्या दिवशी ते कोरडेच दिसते, आणि काळ्या रानात एका पाळीची ओल आठवडाभर टिकते. इसबगोलाचा कोंडा, भाजीपाला, ज्वारीच्या भाकरीतला कोंडा हे आतड्यातले काळे रान. लॅक्टुलोजसारखे पातळ औषध वेगळ्या तऱ्हेने तेच करते, ते स्वतः फारसे शोषले जात नाही आणि आपल्याबरोबर पाणी खेचून ठेवते. दोन्हींना पाणी पुरवावे लागते. बद्धकोष्ठाच्या रुग्णांवरचा १९९८ सालचा एक इटालियन अभ्यास याच मुद्द्यावर होता. दोन्ही गटांना रोज २५ ग्रॅम तंतुमय अन्न दिले होते. ज्या गटाने दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी प्यायले त्यांना, सुमारे एक लिटरवर राहिलेल्यांपेक्षा, अधिक फायदा झाला आणि शौचाला साफ होण्यासाठीची औषधेही कमी लागली.

काळ्या रानालाही पाणी मिळाले नाही तर काय होते, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इसबगोल अपुऱ्या पाण्यात घेतले तर ते घशात किंवा आतड्यात फुगून उलट अडथळाच करते. त्यामुळे माझी पद्धत अशी ठरली : पाव लिटरच्या स्टीलच्या पेल्यात पूर्ण पाणी, त्यात इसबगोल, दोनदा ढवळून लगेच पिऊन टाकायचे आणि वर आणखी एक पेला पाणी. रात्रीच्या जेवणानंतर, पण झोपण्याच्या तासभर तरी आधी, कारण ते घेऊन लगेच आडवे होऊ नये. इतर गोळ्यांत आणि इसबगोलात दोन तासांचे अंतर ठेवायचे, नाही तर औषध त्यातच गुरफटते.

एकूण माप मला दिवसाला अडीच लिटरचे दिले होते, ऊन फार असेल तर तीन. ते एका दमात प्यायचे नाही. सकाळी उठल्यावर एक पेला कोमट पाणी आणि पाठोपाठ न्याहारी, कारण रिकाम्या पोटात काही गेले की मोठे आतडे आपोआप हलू लागते आणि त्याच वेळी कळ आली तर कुंथावे लागत नाही. दुपारपर्यंत लिटरभर संपवायचे, संध्याकाळपर्यंत आणखी लिटरभर आणि रात्री इसबगोलाबरोबर उरलेले. आठनंतर मी हात आखडता घेऊ लागलो, कारण पहिल्या आठवड्यात रात्री तीनदा उठून बसणे-उठणे हीच मोठी शिक्षा असते.

पाणी म्हणजे केवळ जारचे पाणी असे नाही. आईला ताक पटले, कारण ते तिचे होते. ताकातल्या ज्वारीच्या कण्या हा पदार्थ मी लहानपणी आजोळी खाल्ला होता, तो या निमित्ताने तीस वर्षांनी घरात शिजला. एका वाडग्यात पाणी, कोंडा आणि थोडे मीठ असे तिन्ही एकदम मिळते. पातळ वरण, कढी, कैरीचे पन्हे, शहाळे, कलिंगड हे सगळे मी हिशेबात धरले. येसराची आमटी मात्र तीन आठवडे बंद होती आणि ही गोष्ट मला पाण्याच्या मापापेक्षा जास्त जड गेली. चहाने पाणी कमी होते असे सगळे म्हणतात, पण डॉक्टरांच्या मते रोजच्या दोन-तीन कपांतले पाणी शरीराला मिळतेच; अडचण एवढीच की चहा झाला म्हणजे पाणी झाले असे समजून माणूस पेल्याकडे वळत नाही. गॅसच्या थंड पेयांनी पोट फुगते, म्हणून ती टाळली. चौकातला उसाचा रस पाहून जीव गेला तरी घेतला नाही, कारण त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे सांगता येत नाही. उघड्या जखमेवर जुलाब लागणे हे खड्याइतकेच वाईट. आग होते ती वेगळी आणि अंगातले पाणी जाते ते वेगळे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी असेल तर या काळात ते उकळून गाळून घ्यावे. जुलाब झालेच तर साध्या पाण्याऐवजी ओआरएस घ्यावे, आणि त्याच्या पाकिटावर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घालावे, अंदाजाने नव्हे.

दुखण्याच्या गोळ्यांबाबत एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या अंगात पाणी कमी असताना घेतल्या तर मूत्रपिंडांवर ताण पडतो. मे महिन्यात, घामाघूम अवस्थेत, उपाशीपोटी आणि घोटभर पाण्याबरोबर मी त्या दोन दिवस घेतल्या होत्या.

माझ्या या नव्या पाणीप्रेमाचा एक उपद्रवही झाला. भेटायला आलेल्या मामांनी माझा पेला आणि बाटली पाहिली, सगळे ऐकून घेतले आणि गावी जाऊन तीन लिटर पाणी सुरू केले. मामांच्या हृदयाचे पंपिंग कमी आहे, पायाला सूज येते म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे आणि त्यांना दिवसाला किती द्रव घ्यायचा ते त्यांच्या डॉक्टरांनी बांधून दिलेले आहे. तिसऱ्या दिवशी मामींचा फोन आला तेव्हा मी हादरलो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मूळव्याधीचे ऑपरेशन झाले तरी पाण्याचे माप स्वतःच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. तिथे शौच मऊ ठेवण्याची औषधे वेगळी निवडता येतात. धडधाकट माणसानेही तासाभरात दोन-तीन लिटर रिचवण्याचा पराक्रम करू नये, कारण रक्तातले मीठ पातळ होऊन गुंगी, उलट्या, अगदी झटकेही येऊ शकतात.

टबातल्या पाण्याचेही एक सांगतो, जरी ते पिण्याचे नसले तरी. कोमट पाणी, दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर हमखास. कढत पाणी घेऊ नये, आणि शेजाऱ्यांनी सुचवले तरी त्यात विचारल्याशिवाय काही टाकू नये. लघवीला अडखळत असेल तेव्हा त्याच पाण्यात बसून झाली तरी लाजू नये, असे सिस्टरांनी मला निघताना हळूच सांगितले होते आणि ते खरे ठरले.

शौचाच्या वेळी थोडे रक्त काही दिवस दिसते. पण गाठी पडतील इतके रक्त, ताप, वाढत जाणारी वेदना किंवा लघवी बंद होणे यांपैकी काहीही झाले तर पाणी पिऊन वाट पाहत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. जास्तीचा रक्तस्राव सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यानही होऊ शकतो, म्हणजे नेमका माणूस निर्धास्त होऊन मोटारसायकलला किक मारू लागतो त्या सुमारास.

रोज मोजून पिण्याचा मला आठवड्याभरात कंटाळा आला, तेव्हा डॉक्टरांनी सोपी खूण सांगितली : लघवीचा रंग फिका, लिंबाच्या पातळ सरबतासारखा असेल तर पाणी पुरेसे आहे, गर्द पिवळा झाला तर कमी पडते आहे, आणि दिवसभर अगदी पाण्यासारखीच होत असेल तर थोडे कमी करायला हरकत नाही. काही गोळ्यांनीही रंग बदलतो, विशेषतः बी-कॉम्प्लेक्सने, हे तेवढे ध्यानात ठेवावे. ही खूण मी घरात मोठ्याने सांगितली, ही माझी शेवटची चूक. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आमचे मुख्याध्यापक दोन सहकाऱ्यांना घेऊन विचारपूस करायला आले होते. चहाचे कप सर्वांच्या हातात होते, बदल्यांचा विषय रंगला होता, मी नुकताच आतून परतून गादीवर टेकत होतो, आणि स्वयंपाकघरातून आईने खणखणीत आवाजात विचारले, ‘कशी होती रे, पिवळी का पांढरी?’